तक्रार केली तर आपलंच घर पाडतील, म्हणून गप्प बसायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वरच्या मजल्यावर जुनी भिंत आणि नवी खोली जिथे भेटतात, तिथल्या तड्यावर इंजिनिअरने काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. तडा थांबला असेल तर काच शाबूत राहते, वाढत असेल तर तडकते. अठराव्या दिवशी सकाळी मधली पट्टी तडकलेली दिसली. त्याच दिवशी सुनेला आणि दोन वर्षांच्या नातवाला तिच्या माहेरी डोंबिवलीला पाठवलं, आणि रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

आम्ही चारकोपला 1989 पासून राहतो. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे, गोराईत आणि मालवणीत लहान लहान प्लॉट दिले, त्यातला 25 चौरस मीटरचा एक आमच्या वाट्याला आला. मधे चौक आणि भोवती 35 घरं, अशी आमची सोसायटी. ह्यांनी पगारातून पैसे साठवून तळमजल्याचं विटांचं घर बांधलं. भिंतींवर पाणी मारायला मी स्वतः पहाटे उठायचे. त्या घराला आजही कुठे चीर नाही.

2023 साली मुलाचं लग्न ठरलं आणि वर एक खोली, संडास-बाथरूम आणि गल्लीच्या बाजूला चार फुटांची गॅलरी काढायचं ठरलं. ठेकेदार ओळखीचा, गणपतीला घरी येणारा. डायरीच्या एका पानावर त्याने लिहून दिलं : लादीसकट 11 लाख 40 हजार. नकाशा कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ‘काकी, अशी पन्नास घरं केलीत मी.’ परवानगीचं विचारलं तर, ‘ते मी बघतो, तुम्ही लग्नाची तयारी करा.’ चार लाख चेकने दिले, बाकी रोख. पावती एकही नाही. ही आमची चूक आहे आणि ती मी लपवत नाही, कारण माझ्यासारख्या कितीतरी बायकांनी दागिने मोडून याच पद्धतीने घरं वाढवली आहेत.

पुढच्या पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून वर तिरका जाणारा एक तडा दिसला. ठेकेदार बोलावल्यावर आला, व्हाइट सिमेंट आणि पुट्टी भरली, रंग मारला. ‘नवीन घर थोडं बसतंच.’ दोन महिन्यांत तडा परत आला आणि या वेळी गॅलरीच्या वरच्या बाजूला, भिंतीला लागून, लादी एका सरळ रेषेत उचलली गेली. मग मुलाने महापालिकेकडे नोंदणी असलेल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणलं. त्यांनी हातोड्यासारखं यंत्र टेकवून काँक्रीटची ताकद मोजली, गॅलरीची लादी काढून थोडं फोडून पाहिलं आणि ह्यांना जवळ बोलावलं.

त्यांनी जे समजावलं ते मी सविस्तर लिहिते, कारण ते आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही स्लॅबच्या दिवशी तिथे उभे राहिलो असतो. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो, तो मधे खाली वाकू पाहतो, म्हणून त्याची मुख्य सळई खालच्या बाजूला लागते. गॅलरी एकाच बाजूला धरलेली असते, तिचं टोक लोंबतं आणि ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून तिची मुख्य सळई वर हवी आणि ती आतल्या स्लॅबमध्ये चांगली लांबवर गेलेली हवी. आमच्या गॅलरीत सळयांची जाळी खालच्या फळीवरच पडलेली होती. बांधताना ती वर असेलही, पण घमेली घेऊन बिगारी तिच्यावरून चालले, ती खाली दबली आणि तिला खालून उचलून धरणारे सळईचे आधार, ज्यांना खुर्च्या म्हणतात, ते कुणी लावलेच नव्हते. म्हणजे जिथे ताण आहे तिथे लोखंड नाही. जिथे आहे तिथे त्याच्या अंगावर काँक्रीटचं पुरेसं पांघरूणही नाही, कारण सळई फळीपासून वर धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवले नव्हते. गॅलरीच्या पोटाला सळयांच्या तांबूस रेघा उमटल्या होत्या. आम्ही त्याला ओल समजत होतो.

माल कालवायला बोअरचं मचूळ पाणी वापरलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मिठाने सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटतं. खाडीच्या इतक्या जवळ तर हे फार लवकर होतं. दोन आधारांमधलं अंतर कमी असलेल्या स्लॅबचे टेकूसुद्धा किमान सात दिवस ठेवावेत असं काँक्रीटच्या कामासाठीचं भारतीय मानक 456 सांगतं आणि लोंबत्या गॅलरीला त्याहून जास्त थांबावं लागतं. आमच्या फळ्या सहाव्या दिवशी निघाल्या, कारण सेंट्रिंगचं सामान दुसऱ्या साइटवर हवं होतं. आणि तो तिरका तडा? जुनी भिंत तीस वर्षांत बसून स्थिर झालेली, नवे कॉलम मात्र भरावाच्या मातीत उथळ पायावर. नवं खाली जातंय, जुनं जागचं हलत नाही, आणि दोघांच्या मधे घर फाटतंय.

अहवाल घेऊन ठेकेदाराकडे गेलो. गॅलरी उतरवून नव्याने कर, एवढंच मागितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘तक्रार करायची तर करा काकी. आधी तुमचंच तोडतील.’

संपादक महोदय, माझ्या पत्राचा विषय हे वाक्य आहे. वाढवलेल्या घराचे कागद पूर्ण नसतात हे ठेकेदाराला माहीत असतं, कारण ते अपूर्ण ठेवायला त्यानेच सांगितलेलं असतं. मग घर कितीही वाईट बांधलं तरी मालक तोंड उघडणार नाही, याची त्याला खात्री असते. आमच्या शेजारच्या वहिनींनी मला कानात सांगितलं, त्यांच्याही गॅलरीला तशाच रेघा आहेत, पण कुणाला बोलू नका. या गप्प बसण्याने माणसं मरतात. 9 जून 2021 च्या रात्री भर पावसात मालवणीत वाढवलेल्या मजल्यांचं घर शेजारच्या घरावर कोसळलं आणि 12 जण गेले. त्यात आठ मुलं होती. त्याआधी 25 जुलै 2017 ला घाटकोपरची चार मजली इमारत पडून 17 जण गेले. तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावला होता, असं तेव्हा रहिवासी सांगत होते.

मुलाने कायद्याची चौकशी केली. विकासकाकडून घेतलेल्या नव्या फ्लॅटला रेरा कायद्याचं संरक्षण आहे : ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर त्याने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. आपल्याच घरावर खोली बांधून देणाऱ्या ठेकेदाराला ते लागू होत नाही. पोलिसांकडे गेलो, त्यांनी हा दिवाणी मामला असल्याचं सांगितलं. उरतो तो ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा मानली आहे, 50 लाखांपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात होते आणि आमच्या रकमेला शुल्क फक्त 400 रुपये. मुदत मात्र दोन वर्षांची. पुट्टी मारून देतो, मग बघतो, गणपतीनंतर येतो, यात ती सहज निघून जाते. म्हणून पुट्टी भरण्याआधी तड्याचे तारखेसकट फोटो काढा आणि पहिला अर्ज लेखीच द्या. आम्ही तक्रार दाखल केली आहे. चेकने दिलेले चार लाख दाखवता येतात, रोख रकमेसाठी डायरीचं पान आणि ह्यांच्या बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी जोडल्या आहेत.

बेकायदा मजले कायम करा, असं मी म्हणत नाही. आमची गॅलरी नियमात बसत नसेल तर आम्ही ती उतरवू, आणि इंजिनिअरच्या सल्ल्याने तिला खालून लोखंडी टेकू लावलेच आहेत. माझी मागणी एवढीच आहे की, आपलं घर धोकादायक आहे असा अहवाल घेऊन जो स्वतःहून पुढे येतो, त्याला ते सुरक्षित करायला मुदत आणि मार्गदर्शन मिळावं. आणि पाहणीच्या कागदावर मालकाच्या नावाबरोबर ते घर बांधणाऱ्याचंही नाव यावं. आज त्याचं नाव कुठेच येत नाही. स्लॅब भरायच्या आधी सळई तपासल्याची इंजिनिअरची सही आणि दोन पावसाळे होईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याची अट, एवढं जरी परवानगीच्या कागदात घातलं, तरी फळ्या सहाव्या दिवशी काढायची घाई कुणी करणार नाही.

ठेकेदाराने मला सांगितलेली ती पन्नास घरं याच भागात आहेत. त्यांच्या गॅलरीत पाहुणे उभे राहतात, खाली पोरं क्रिकेट खेळतात. तुमच्या गॅलरीच्या पोटाला तांबूस रेघा असतील किंवा भिंतीलगत लादी सरळ रेषेत उचलली असेल, तर पावसाची वाट न पाहता आजच खाली टेकू लावा आणि इंजिनिअरला बोलवा. नोटिशीच्या भीतीने थांबू नका.

प्रकरण आयोगापुढे असल्याने कृपया माझं नाव छापू नये.

आपली नियमित वाचक,
चारकोप, कांदिवली (पश्चिम), मुंबई