‘संत तुकाराम’ पाचव्यांदा विकत घ्यायचा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने चित्रपट दुरुस्त करून महोत्सवात दाखवल्याच्या बातम्या अधूनमधून आपल्या अंकात येतात. त्या मी कापून वहीत चिकटवतो. नवी प्रत कुठे दाखवली, कोण हजर होतं, टाळ्या किती पडल्या, हे सगळं बातमीत असतं. ती प्रत माझ्यासारख्याला विकत कुठे मिळेल, हे मात्र कधीच नसतं. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी मिरजेत पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे हार्मोनियम. दुकानातल्या कपाटाचे वरचे तीन खण सूर, भात्याचं कातडं आणि कानशींनी भरलेत. खालचे दोन खण चित्रपटांचे. त्यात प्रभातचा ‘संत तुकाराम’ चार वेळा आहे: टीव्हीवर लागला तेव्हा भरून घेतलेली व्हीएचएस कॅसेट, दोन तबकड्यांची व्हीसीडी, नंतरची डीव्हीडी आणि मुलीने हार्ड डिस्कवर घालून दिलेली फाईल. एवढ्या प्रती कशाला, असं गिऱ्हाइकं विचारतात. सगळ्या प्रतींत तुकोबा एकाच पट्टीत गात नाहीत, असं सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, आईच्या मांडीवर. आई माळकरी घरातली, पण चित्रपटभर ती जिजाईच्या बाजूने बोलत होती. लेकरू तापाने फणफणलंय, घरात दाणा नाही, आणि ही बाई चप्पल घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते, तिथे आई मोठ्याने म्हणाली, “विचार, विचार त्याला!” आजूबाजूच्या बायकाही बोलायला लागल्या. तो प्रसंग पुन्हा नीट बघता यावा म्हणूनच ही खरेदी सुरू झाली.

कॅसेट ई-१८० होती, तीन तासांची. चित्रपट भरायला लागला की दर जाहिरातीला बटण दाबून थांबायचं आणि जाहिरात संपायच्या आत पुन्हा सुरू करायचं. माझ्या कॅसेटमध्ये दोन ठिकाणी साबणाच्या जाहिरातीचं शेपूट राहिलं आहे. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरायची. मग कॅसेट उघडून फीत मऊ कापडाने पुसायची, व्हीसीआरचं हेड स्पिरिटने साफ करायचं. हे मी वर्षानुवर्षं केलं. आता व्हीसीआरच मिळत नाही. जपानमधल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये ते बनवणं बंद केलं.

व्हीसीडी आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. बुरशी नाही, फीत गुंतणं नाही. पण लावून पाहिली आणि जिजाईचा चेहराच हरवला. व्हीसीडीत चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. देवळातला अंधार चौकोनी ठोकळ्यांचा झाला होता, आणि जिजाई मान वळवायची तेव्हा ते ठोकळे तिच्या गालावरून सरकायचे. शिवाय एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, त्यामुळे ऐन रंगात तबकडी बदलायला उठायचं. डीव्हीडीने ठिपके तिपटीहून जास्त केले. कपाळावरची आठी, लुगड्याचा पोत, भिंतीचा खडबडीतपणा, हे मला त्या तंबूनंतर पहिल्यांदा दिसलं.

आता पट्टीचं सांगतो, कारण माझा जन्म त्यातच गेला. ‘आधी बीज एकले’ हे या चित्रपटातलं गाणं अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटतो. प्रत्यक्षात ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, आणि केशवराव भोळ्यांनी संगीत दिलं. विष्णुपंत पागनीस ते ज्या ठहरावाने गातात, तो ठहराव कॅसेटमध्ये नव्हता. काही तरी घाई वाटायची. आधी मला वाटलं व्हीसीआरची मोटर जोरात फिरतेय. पट्टा बदलला, फरक नाही. पेटीवर सूर धरून पाहिला तर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडायचा. पण १९३६ सालची पेटी आजच्या मापाला लावलेली असेलच असं नाही, म्हणून त्यावर मी निवाडा केला नाही. डीव्हीडी आल्यावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या. कॅसेटचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊण हिश्श्याने चढा निघाला, आणि घड्याळ लावलं तर मिनिटामागे जवळजवळ अडीच सेकंद कमी भरत होती.

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने उलगडा केला. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं सरकतात. आपल्याकडच्या टीव्हीची पॅल पद्धत २५ चित्रांची. फिल्मवरून टीव्हीसाठी प्रत करताना २४ ची २५ करायची सोपी वाट म्हणजे रीळच तेवढं जोरात पळवायचं. दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटं आधी संपतो आणि प्रत्येक गळा चढतो. माझ्या डीव्हीडीवर मागे बारीक अक्षरात एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत, असं छापलं आहे. त्या पद्धतीत मूळ वेग जवळपास तसाच राहतो, म्हणून तिथे पागनीस त्यांच्या स्वतःच्या आवाजात गातात. आमच्या दोन पिढ्यांनी घरात बसून जे गाणं ऐकलं, ते चढ्या पट्टीतलं होतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे मी प्रत्येक तबकडी तपासून घ्यायला लागलो आणि मग बाकीची दुखणी दिसायला लागली. एका कंपनीच्या डीव्हीडीत चित्रपटभर उजव्या कोपऱ्यात त्यांचं बोधचिन्ह, आणि गाणं सुरू झालं की खालून फोन नंबर सरकत जाणार. दुसऱ्या एका तबकडीच्या वेष्टनावर छापलेलं गाणं आत नव्हतंच. हार्ड डिस्कवरच्या माझ्या ‘तुकाराम’मध्ये सगळ्यांचीच डोकी वरून कापली आहेत. जुन्या चित्रपटांची चौकट बहुतेक चौकोनी, साधारण चारास तीन. आजचे टीव्ही सोळास नऊ. पडदा भरावा म्हणून वरचा आणि खालचा मिळून चित्राचा चौथा हिस्सा छाटून टाकतात. नाही तर आडवं ताणतात. एका चित्रपटात मी तंबोऱ्याचा भोपळा कोहळ्यासारखा पसरलेला पाहिला. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत माझं लहानपण गेलं. भोपळ्याची गोलाई कशी निवडतात, त्यासाठी किती भोपळे नाकारतात, हे मी पाहिलेलं आहे. मला ते चित्र बघवलं नाही, मी बंद केलं.

आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जुन्या ध्वनिपट्टीतली खरखर काढायची म्हणून आवाज इतका धुतात की त्याबरोबर टाळांची किणकिणही जाते. टाळ वाजतात, पण लाकडावर लाकूड आपटल्यासारखे. चित्राचंही तेच. फिल्मचे रवे पुसून काढले की माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. सूर लावताना रीडवर कानस एकदा जास्त फिरली की तो सूर गेला, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. दुरुस्ती करणाऱ्याने कुठे थांबायचं हे कळणं, त्यातच सगळी कारागिरी आहे.

अशी कारागिरी जगात होते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या होत्या. त्या जळक्या फिती इटलीतल्या कारागिरांनी ओलावा देऊन उलगडल्या, तुकडा तुकडा जोडला, आणि २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा उभे राहिले. त्यांच्या ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राच्या तबकड्या, अमेरिकेत कुणीही दुकानातून विकत घेऊ शकतो. माझ्या पुतण्याने येताना मला तो संच आणला. इथल्या ब्लू-रे प्लेअरवर तो चालेना, कारण ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेत, तबकडी ‘ए’ विभागाची आणि भारत ‘सी’ विभागात. मग सगळ्या विभागांच्या तबकड्या वाजवणारा प्लेअर घेतला. पाहिलं तेव्हा मन भरून आलं. ‘पथेर पांचाली’तल्या दुर्गेच्या ओल्या केसांतली बट न् बट वेगळी दिसत होती. बंगालमध्ये तयार झालेला चित्रपट बघायला मला अमेरिकेची तबकडी आणि वेगळं यंत्र लागलं, पण निदान ते मिळालं. मराठीत तेवढंही मिळत नाही.

‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्या ‘श्यामची आई’ची दुरुस्त प्रत राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून, म्हणजे लोकांच्या पैशातून तयार झाली आणि २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण पेटीचं काम सोडून मी गोव्याला जाऊ शकत नाही, आणि माझ्या शेजारच्या शाळेतल्या बाई, ज्या दर वर्षी मुलांना हा चित्रपट दाखवतात, त्या आजही कोपऱ्यात बोधचिन्ह असलेली धूसर तबकडीच लावतात. मी पुण्या-मुंबईच्या दुकानांतून चौकशी केली. दुरुस्त प्रतीची तबकडी मला कुठेही विकत मिळाली नाही.

हक्कांची अडचण आहे असं म्हणावं, तर आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतात. १९३६ चा ‘तुकाराम’ आणि १९५३ ची ‘श्यामची आई’ दोन्ही त्या मुदतीच्या बाहेर गेले आहेत. म्हणूनच तर कुणीही उठतो आणि वाईट प्रत काढून विकतो. चांगली प्रत मात्र ज्यांच्या तळघरात आहे त्यांनाच काढता येते.

तबकडी कशाला, आता सगळं मोबाइलवर मिळतं, असं सुनेचं म्हणणं. तिच्याच मोबाइलवर गेल्या गणपतीत आम्ही अर्धा बघितलेला एक जुना चित्रपट दिवाळीत उघडायला गेलो तर तिथे नव्हता. माझ्या खणातली तबकडी असं कुणी परत नेऊ शकत नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या माझ्या एका मित्राच्या घरात पाच दिवस पाणी होतं. त्याच्या दीडशे कॅसेट गाळाने भरल्या. एकही वाचली नाही. डीव्हीडी मात्र आम्ही दोघांनी स्वच्छ पाण्याने धुतल्या, मधून कडेकडे सरळ पुसल्या, आणि सतरंजीवर सावलीत वाळत घातल्या. बहुतेक चालल्या. व्हीसीडींचं तसं झालं नाही. त्यांचा चंदेरी थर वरच्या छापील बाजूला असतो, तो पापुद्र्यासारखा सुटला. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये सुरक्षित असतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटची, म्हणजे झटकन पेटणाऱ्या फिल्मची, जुनी रिळं आगीत गेली, त्यात प्रभातचाही ठेवा होता. एकाच खोलीत ठेवलेली वस्तू एका रात्रीत जाते. हजार घरांतल्या हजार कपाटांत असलेली सहसा जात नाही.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. लोकांच्या पैशातून जे मराठी चित्रपट दुरुस्त होतात, त्यांच्या ब्लू-रे आणि डीव्हीडी काढा. चित्र छाटू नका, ताणू नका, कोपऱ्यात कुणाचं नाव टाकू नका. वेग २४ चाच ठेवा. टाळांची किणकिण राहू द्या, थोडी खरखर राहिली तरी चालेल. कोणत्या प्रतीवरून काम केलं, कुठली रिळं मिळाली नाहीत, हे सांगणारी चार पानांची पुस्तिका आत घाला. एक एक प्रत गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. किंमत पाचशे ठेवा, आठशे ठेवा. माझ्यासारखे लोक घेतील. पेटीचा एक जोड सूर लावायला मी त्याहून जास्त घेत नाही आणि गिऱ्हाईक तेवढे आनंदाने देतं.

डिसेंबरमध्ये माझ्या आईला जाऊन अकरा वर्षं होतील. घरच्या टीव्हीवर तिने ‘तुकाराम’ शेवटचा पाहिला तो डीव्हीडीवरचा. देवळातला प्रसंग आला तेव्हा तिला नीट ऐकू येत नव्हतं, पण ती पुढे सरकून बसली आणि जिजाईच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आता दिसली बघ.” याहून स्वच्छ प्रत पुण्यात कुठल्या तरी कपाटात असेल तर ती मला तिच्या नातवंडांना दाखवायची आहे. पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.

आपला,
एक पेटी-दुरुस्तीवाला,
मिरज