चुंबक कड्यावर गाडी धरून ठेवू शकत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत टेक्सासच्या नव्या रोलर कोस्टरबद्दल छापलंत, वाचून मजा आली, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या गळी उतरेना म्हणून हे पत्र. "चुंबकी ब्रेकच्या जोरावर गाडी कड्यावर लटकत राहील" असं लिहिलंय. नाही हो, ते जमणारच नाही.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत 31 वर्षं क्रेनचे हॉइस्ट, म्हणजे वजन उचलणारी यंत्रं, जोडली, आता रिटायर आहे, लेक डॅलसजवळ राहते आणि नातू या राइडसाठी वेडा झालाय म्हणून आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आर्लिंग्टनला सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास हा 1961 पासूनचा पार्क आहे, तिथे 2026 साठी टॉर्मेंटा रॅम्पेजिंग रन ही रोलर कोस्टर जाहीर झालीय. उंची 309 फूट आणि पहिली उडी 285 फुटांची, तीही 95 अंशात, म्हणजे सरळ उभ्या रेषेच्याही पुढे थोडी आत वळलेली. बनवणारी कंपनी स्विस, बोलिगर अँड मॅबिलार्ड, आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकातली नायट्रो त्यांचीच. त्यांच्या या जातीच्या कोस्टरची खोड अशी की वर पोचल्यावर गाडी काही सेकंद कड्यावर थांबते, पुढची रांग खाली बघत बसते, आणि मग सुटते.

आता ही थांबवतं कोण, मुद्दा तो.

नातू सुट्टीत बडोद्याला आला होता तेव्हा एसीवाल्याकडून तांब्याच्या पाइपचा हातभर तुकडा आणला आणि त्यात एक छोटं पण जोरदार चुंबक सोडलं. खिळा टाकला तर टक्कन खाली, चुंबक मात्र मुंग्यांसारखं रमतगमत उतरतं, पोरं तर वेडी झाली, शेजारच्या काकूंनी तीनदा टाकून बघितलं. पण थांबलं का? नाही, एकदाही नाही. कारण चुंबक हललं तरच तांब्यात प्रवाह तयार होतो आणि तो प्रवाहच त्याला मागे खेचतो, हलणं बंद तर खेचणंही बंद. म्हणून स्टेशनात शिरताना वेग मारायला चुंबकी ब्रेक एकदम मस्त, घासत नाही, वीज गेली तरी चालतो, पण कड्यावर टनावारी वजन जागच्या जागी धरायला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे दातात दात अडकणारं काहीतरी पाहिजे किंवा घट्ट दाबून धरणारी पकड. माझा अंदाज, मोठ्या चेनने वर आल्यावर गाडी दुसऱ्या एका हळू चालणाऱ्या चेनवर जात असणार आणि ती चेनच तिला धरत असणार, आणि दोन्हींच्या मध्ये मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टी, तोच तो चढताना ऐकू येणारा टकटक आवाज. आमच्या हॉइस्टमध्येही हीच रीत, स्प्रिंग ब्रेक लावते आणि करंट ब्रेक सोडतो, उलटं नाही, म्हणजे वीज गेली की लोड आपोआप हवेत अडकतो. नव्या पोरांना हे कळायला आठवडा लागायचा.

दुसरं, "प्रचंड मोटर गाडीला 140 च्या वेगाने खाली खेचते" हेही चूक. मोटर फक्त वर नेते. डभोईला 1862 मध्ये नॅरोगेजचे डबे बैल ओढायचे ना, इथे चेन हाच बैल, वर नेऊन सोडलं की त्याची सुट्टी, बाकी सगळं उंचीच्या भांडवलावर. हिशोब करून बघा, 285 फूट म्हणजे 87 मीटर, वारा-घर्षण धरलंच नाही तर वेग येतो ताशी साधारण 149 किलोमीटर, कंपनी सांगते ताशी 87 मैल म्हणजे 140 किलोमीटर. मधले 9 वाऱ्याने आणि चाकांनी खाल्ले. पुढे 218 फुटांवर गाडी उलटी होऊन वळणार आहे, तिथे हाच हिशोब लावला तर वरती जेमतेम 70 चा वेग उरतो, म्हणजे आपल्या आर. सी. दत्त रोडवरच्या सुसाट स्कूटीएवढा! मला सगळ्यात भीती तिथे वाटेल, खाली पडताना नाही.

नातवाचं म्हणणं, चेन वगैरे जुनं झालं, हे लोक लिनियर मोटर लावणार. आपल्याकडे ज्या गोल मोटरी बनतात त्यांनाच कापून सपाट पसरल्या की लिनियर मोटर झाली, त्यात काही जादू नाही, त्याच पार्कात 1998 पासून मिस्टर फ्रीझला तशा आहेत. पण कड्यावर नेऊन थांबवायची असेल तर कशाला गाडीला झटका देऊन वर फेकायचं? चेन स्वस्त आणि खात्रीची. पैज लागलीय, हरलो तर लीलो चिवड्याचा, म्हणजे आमच्या बडोद्याच्या ओल्या चिवड्याचा, मोठा डबा मी डॅलसला पाठवायचा, जिंकलो तर त्याने उन्हाळ्यात आल्यावर मला इथल्या कमाटीबागेत फिरवायचं.

पुढचा लेख छापाल तेव्हा तेवढं चुंबकाचं वाक्य दुरुस्त करा. पाइप आणि चुंबक हवं असेल तर घरी आहे, बघायला या.

आपला,
दांडिया बाजार, बडोदा येथील एक वाचक