आर्वी रोडवरच्या पावडर कोटिंगवाल्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू नका, दुकानाचंही लिहू नका, असं तुम्ही निक्षून सांगितलं होतं. म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र उघड लिहितो आहे. तुम्ही जे केलं ते आपल्या भागातल्या चार माणसांना कळलं पाहिजे. त्या दिवशी पैसे देऊन निघताना मला धड बोलता आलं नाही, घसा दाटून आला होता. तेव्हा राहिलेलं आज लिहून काढतो.

ही मारुती जिप्सी बाबांची. 1298 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, इंजिन असलेली. आमचं गाव डांबरी रस्त्यापासून आत आहे आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत ट्रॅक्टरही रुतून बसतो. तशा चिखलातून या गाडीने गावच्या कितीतरी लेकीसुनांना बाळंतपणासाठी आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचवलं. बाबांनी कोणाकडून पेट्रोलचे पैसेसुद्धा मागितले नाहीत. आता त्यांच्याने गाडी चालवणं होत नाही, पण रोज सकाळी बॉनेट उघडून ते पाहतात. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग, यांवर पांढरा क्षार फुटला होता, मूळचा रंग पार गेला होता. दसऱ्याच्या पूजेच्या आत हे नीट करून आण, एवढंच त्यांनी सांगितलं. मारुतीने जिप्सी बनवणं बंद केल्याला आता वर्षं लोटली. हे भाग बिघडले तर नवे सहजी मिळायचे नाहीत, म्हणून मी मुद्दाम शहरातल्या मोठ्या, काचेच्या दारांच्या पावडर कोटिंगच्या दुकानात गेलो होतो; धातूवर रंगाची पूड मारून ती भट्टीत भाजून बसवतात ते हे काम.

तिथून जे परत आलं ते तुम्ही पाहिलंच. कव्हरभर पापडासारखे फोड. बोल्टच्या आट्यांमध्ये पावडर भाजून घट्ट बसलेली. जोडातून गळू नये म्हणून लावतात ते गॅसकेट जिथे बसतं ती घासून सपाट केलेली कडासुद्धा त्यांनी रंगवून टाकली होती. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, पावडर कोटिंगमध्ये असंच येतं. मालक बाहेर आलेच नाहीत. पावतीवर मात्र ‘प्रीमियम फिनिश’ लिहिलं होतं आणि पैसे आगाऊ घेतले होते. आमच्या गावच्या मिस्त्रीने ते भाग हातात घेतले आणि बसवायला साफ नकार दिला. कव्हरच्या कडेवर पावडर असली तर तेल झिरपणार, मॅनिफोल्डच्या कडेवर असली तर मधूनच हवा ओढली जाणार आणि आयडलिंग वरखाली होत राहणार, हे त्याने मला उभ्या उभ्या समजावलं. तुमच्याकडे जा, हेही त्यानेच सांगितलं. त्याचेही आभार याच पत्रात मानतो.

तुमच्या दारात कूलरचे पत्रे, लोखंडी पलंग आणि कपाटांची दारं रचलेली दिसली आणि खरं सांगतो, मन खट्टू झालं. पण तुम्ही कव्हर हातात घेऊन पालथं केलं, नखाने एक फोड उचकटला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणालात, “हे तं कास्टिंग हाय जी. याच्या पोटात तेल मुरलं हाय. ते आधी भाजून काढा लागते, मंग पावडर.” इतके दिवस ज्याचं उत्तर कोणी देत नव्हतं ते तुम्ही दोन वाक्यांत दिलं. ओतीव ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं असतात, त्यात वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं असतं. पावडर वितळत असताना ते तेल आणि हवा बाहेर यायला पाहतात आणि त्याचेच फोड येतात. म्हणून रंगाच्या आधी भाग नुसताच भट्टीत घालायचा, पावडर भाजतो त्याहून थोडा जास्त तापवायचा, आत असेल नसेल ते बाहेर येऊ द्यायचं, मग पुन्हा साफ करायचं. कूलरचा पत्रा दोन मिनिटांत तापतो, जाड कास्टिंगला वेळ लागतो, म्हणून भट्टीचा काटा पाहून भागत नाही, धातू स्वतः किती तापला ते पाहावं लागतं, हेही तुम्ही सांगितलंत. आणि लोखंडी पत्रा धुवायच्या तुमच्या टाकीत हे भाग टाकायला तुम्ही तुमच्या पोराला आधीच मनाई केली. “कास्टिकात टाकलं तं फेस येऊन खाऊन टाकीन ते,” असं म्हणालात.

बाकी काम कसं केलं ते मी सविस्तर लिहीत बसत नाही, तो तुमचा हुन्नर आहे. पण मॅनिफोल्डवर अर्थिंगची वायर ज्या बोल्टने बसते ती जागा तुम्ही न सांगता ओळखली आणि तेवढी उघडी ठेवली. पावडरच्या थरातून वीज जात नाही, तिथे रंग बसला असता तर आम्ही सेन्सरला दोष देत फिरलो असतो. हे मला मिस्त्रीने नंतर सांगितलं. तुम्ही तर त्याचा उल्लेखही केला नव्हता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

काम कुठवर आलं ते बघायला मी आलो होतो, तेव्हा तुम्ही दारातल्या उजेडात बसला होता. मॅनिफोल्ड मांडीवर होता. एका तारेला पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा बांधून तुम्ही तो चारही नळ्यांतून एकेक करून ओढत होता. मला वाटलं, तुमच्याच ब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून भाग साफ करतात त्याची, धूळ काढत असाल. तुम्ही काही न बोलता तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवलात. त्यावर पिवळसर, खरखरीत दाणे होते. नदीची रेती. तुमच्याकडे रेती वापरतच नाहीत, काचेचे बारीक मणी वापरतात, तेही नळ्यांची तोंडं सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून. म्हणजे ही रेती आधीच्या दुकानाची होती. त्यांनी तोंडं उघडी ठेवून रेतीचा मारा केला आणि आतल्या तेलकट थरात ती रुतून बसली. गाडी सुरू झाली असती तर त्यातला एकेक दाणा हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये गेला असता. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे, पिस्टनच्या रिंगा खलास, बाबांचं इंजिन खलास.

मला त्या दुकानाचा असा संताप आला की मी बोलायला लागलो. तुम्ही मला थांबवलंत. “रेती कोनाची का असंना, इंजिन तं तुमचंच हाय,” असं म्हणून नवा तुकडा फाडून तारेला बांधलात. तो मळला, मग आणखी एक, मग आणखी एक. बाहेर लोक कूलरसाठी थांबले होते, त्यांना तुम्ही चहा पाजून बसवून ठेवलंत. शेवटचा तुकडा ट्यूबलाइटखाली धरून, उलटापालटा करून मला दाखवलात. कोरा करकरीत होता. “हात लावून पाहा,” म्हणालात. मी हात लावला.

नळीच्या आतला भाग कोणालाच दिसत नाही, भाऊ. मी कधी पाहिला नसता, बाबांनी पाहिला नसता, दसऱ्याला हळदकुंकू वाहणाऱ्यांपैकी कोणी पाहिला नसता. इंजिन पुढे गेलंच असतं तर दोष जुन्या गाडीला लागला असता, तुमच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. तरीही तुम्ही तिथे बसून होता.

आणि पैशांचा विषय निघाला तेव्हा आधीचा रंग काढण्याची मजुरी तुम्ही बिलात लावली नाही. दुसऱ्याने बिघडवलेल्याचे पैसे तुमच्यापासून काऊन घेऊ, असं तुमचं म्हणणं. मी आग्रह केला, तुम्ही ऐकलं नाही.

चांगुलपणा आपल्याकडे कमी झाला असं हल्ली जो तो म्हणतो. कापसाच्या काट्यावर, बियाण्याच्या दुकानात, कचेरीच्या खिडकीत लोक इतके पोळले आहेत की मीही तसंच म्हणायचो. पण जी माणसं नीट काम करतात ती त्याचा बोभाटा करत नाहीत, म्हणून ती मोजण्यात येत नाहीत. तुमच्या दुकानात ब्लास्टिंग करणाऱ्या पोट्ट्याचं उदाहरण घ्या. बंद पेटीत हात घालून तो काम करतो, तरी तोंडावर मास्क असल्याशिवाय तुम्ही त्याला यंत्राला हात लावू देत नाही. उघड्यावर रेती मारणाऱ्या पोरांच्या फुप्फुसात ती धूळ बसते आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. शहरातल्या त्या दुकानामागे मी कामगार पाहिला होता, त्याच्या नाकाला नुसता गमछा होता. ज्याला नोकराच्या छातीची काळजी नाही त्याला माझ्या इंजिनाची कुठून असणार, हे मला तुमच्याकडे आल्यावर उमगलं.

भाग बसवले. गाडी पहिल्याच सेल्फला उचलली, आयडलिंग स्थिर आहे, कव्हरच्या कडेला तेलाचा थेंब नाही. रंग बाबांनी सांगितला होता तसाच आला आहे, कंपनीचा होता तसा चंदेरी. बाबांनी कव्हरवरून हात फिरवला आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी मांजरपाटाची हकीकत सांगितली. ती त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली आहे, तेव्हा तुमचं नाव मी लपवलं तरी फार दिवस लपून राहील असं वाटत नाही. त्याबद्दल माफ करा.

आंबिया बहाराची संत्री तोडायला येतील तेव्हा एक पेटी घेऊन येईन. मागच्या वेळी पैसे नाकारलेत, ती पेटी तरी नाकारू नका. त्यातली अर्धी त्या पोट्ट्याच्या घरी जाऊ द्या, बुचं लावणारे हात त्याचेच होते. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
जिप्सीवाला, आर्वी तालुका