अजून दोन वर्षं वॉर्सातच

प्रिय आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन दादाकडे देतात, म्हणून लिहूनच कळवतेय. दिवाळीनंतर कायमची परत येणार होते ते आता होत नाहीये, काम अजून दोन वर्षं वाढलंय आणि मी सही केलीये. चिडू नका, आधी पूर्ण वाचा.

बाबा, तुम्ही म्हणालात, परक्यांचे जुने कागद वाचून तुला काय मिळणार. अहो, दुसऱ्या महायुद्धात इथे वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत, चार लाखांवर ज्यू कोंडलेले, दिवसाचं रेशन 200 कॅलरीचंही नाही, आणि तशात इमॅन्युएल रिंगेलब्लूम नावाच्या इतिहासकाराने माणसं हाताशी धरून गुपचूप सगळं जमवायला घेतलं. रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागद, शाळेतल्या पोरांचे निबंधसुद्धा. 1942 च्या जुलैत ज्यूंना मारायला ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेणाऱ्या गाड्या सुटायला लागल्या तेव्हा हे सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून एका शाळेच्या तळघरात पुरलं. ते डबे 1946 ला सापडले, आत पाणी शिरलेलं, पुढच्या खेपेचे कागद दुधाच्या कॅनमध्ये पुरलेले, ते 1950 ला, आणि तिसरा हिस्सा आजपर्यंत सापडलेला नाही. जमवणाऱ्या साठेक जणांत तिघंच वाचली. खुद्द रिंगेलब्लूम, त्याची बायको आणि मुलगा 1944 ला मारले गेले. तेच कागद मी वाचते. शाई फुटून कधी कधी अर्धंच आडनाव उरलेलं असतं, ते लावण्यात अख्खी दुपार जाते. 82 सालची लाईटबिलं फेकू न देणाऱ्या माणसाला मी अजून काय समजावू!

आई, मन खचेल म्हणतेस ना, तर पाच वाजता सगळं बंद, घरी यातलं अक्षर वाचत नाही. खोलीत हीटर आहे, कुकर आहे, तूरडाळ मिळते, तुझा गोडा मसाला अजून अर्धी बरणी आहे. एखाद्या पोराचा निबंध वाचला की मात्र तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसं वाटतं, तू तेल चोळताना अंगाई पुटपुटायचीस ना, झोप नाही आली की अजून तीच म्हणते.

आता ऐका. स्टुलावर चढून पंखे पुसायचे नाहीत, बाई ठेवलीये ना. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मार्चमधली घ्या, मी रजा टाकलीये, आणि मिरजेच्या वेळेसारखं सगळं एकट्या दादावर पडणार नाही, पैशाचं बोललेय त्याच्याशी. आई, उपासाच्या दिवशी शुगरची गोळी चुकवू नकोस, डॉक्टरांना विचारूनच उपास कर. बाबा, ईसीजी काढलात की रिपोर्टचा फोटो पाठवा, नुसतं नॉर्मल आहे म्हणून लिहिलेलं चालणार नाही.

तुमची,
चिमी