परत आलो, पण शेतावर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आईने फोन बाबांकडे दिला, बाबा "बघू" म्हणाले आणि ठेवला. म्हणून लिहायला बसलो.

पुण्याचं घर सोडलं हे तुम्हाला कळलंच आहे. तुम्ही वरची खोली रंगवून ठेवलीत, खिडकीला जाळीही बसवलीत, हे मला ठाऊक आहे आणि ते मनाला लागून राहिलंय. पण ठरलं ते ठरलं. पाडव्यापासून आम्ही दोघं कळमेश्वरच्या शेतावरच राहणार. तिथून तुमच्याकडे यायला गाडीने तासही लागत नाही. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागायचं, त्यापेक्षा हे जवळच ना? वाटणीच्या वेळी काका जे बोलले, ते मनात धरून मी हे करतोय असं बाबांना वाटत असेल, तर तसं नाही. थोडं असेलही, पण तेवढ्यासाठी कोणी गाय पाळत नाही.

संत्र्याच्या बागेला मी हात लावणार नाही. ती आहे तशी ठोक्यानेच (मक्त्याने दिलेलीच) राहील आणि पैसे बाबांच्याच खात्यात येतील. आमचा फक्त घराभोवतीचा दीड एकर: गहू, तूर, थोडं जवस, वांगी, टमाटर, सांबार (कोथिंबीर). मीठ, साखर, चहापत्ती विकतच आणणार. मिठापासून सगळं घरचंच हवं म्हणणाऱ्यांचा उत्साह टिकत नाही, तेव्हा ती काळजी सोडा.

आई, तू विचारलंस, "साधी कुरडई तरी येते का रे तुम्हाला?" येते. वाच, आणि चुकत असेल तिथे कान धर. गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. एक दिवस चुकला तर आंबूस वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. खाली राहिलेला घट्ट चीक एक पातेलं, तर पाणीही एकच पातेलं. पाण्यात मीठ-हिंग घालून ते खळखळ उकळलं की चीक धारेने सोडायचा. दुसऱ्या हातातलं ढवळणं थांबलं की गुठळी झालीच. मग मंद आचेवर झाकण ठेवून वाफ काढायची. पांढरट दिसतो तोवर चीक कच्चा, काचेसारखा चकचकीत झाला की उतरवायचा. कच्च्या चिकाची कुरडई वाळल्यावर चुरा होते आणि तेलात फुलत नाही. सोऱ्यात गरमच भरायचा, कारण निवला की तार तुटते. मीठ कमीच बरं, वाळल्यावर खारटपणा वर येतो. बरोबर आहे ना?

तुरीची डाळही घरीच करतोय. तूर रात्रभर भिजवून निथळायची, लाल मातीचं कालवण चोळायचं, ढीग करून एक रात्र झाकून ठेवायची, मग कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची. माती चाळून जात्यावर भरडली की साल सुटतं आणि डाळ अखंड पडते. पण ही डाळ शिजायला वेळ घेते. बाबांना वरण गुरगुट्या लागतं, म्हणून त्यांच्यापुरती वेगळी करतो, तेलाचा हात लावून वाळवलेली. तिचा चुरा जास्त पडतो, पण शिजते लवकर. आणि तूर पोत्यात अखंड ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवलेली बरी. भुंगा अखंड दाण्यावर अंडी घालतो, डाळीच्या वाटेला फारसा जात नाही.

धुराचं म्हणशील, तर घरात चूलच नाही. दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. आमच्या दोन गायी आणि बागवाल्याची बैलजोडी मिळून तेवढं होतं. शेणात तेवढंच पाणी कालवायचं, काडीकचरा काढून टाकायचा, नाहीतर वर साय धरते आणि गॅस अडतो. गोठा फिनाईलने धुतला तर ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही, गॅस करणारे जीवाणूच मरतात. शेगडी फडफडायला लागली की समजायचं नळीत पाणी साचलंय, ते काढून टाकायचं. दोघांचा स्वयंपाक होऊन पाहुण्यांचाही होतो. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा सिलिंडर आहेच.

आंघोळीचं पाणी मात्र अंगणात तुराट्यांवर तापतं. कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळकी झाडं) मी घराजवळ रचत नाही. त्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर उतरते. बाबा, गावात हे कोणाला पटत नाही, तुम्ही आलात की सांगा. तुमचं ऐकतील.

तुमच्यासाठी खालचीच खोली. कमोड आहे, त्याच्या शेजारी भिंतीत धरायला दांडा बसवलाय. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. तरी मे महिन्यात येऊ नका. पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी वीजही जाते. मृग लागल्यावर या. धापेवाड्याच्या विठोबाला घेऊन जाईन. नव्या गव्हाची पहिली पायली तिथेच वाहिली. आई, धान्याच्या कोठीत हात घालण्याआधी तू नमस्कार करायचीस आणि मला हसू यायचं. आता माझाही हात आपोआप जोडला जातो. त्याने दिलं म्हणून आहे, आपण नुसते राखणदार, हे बाबांचंच वाक्य ना? संध्याकाळी गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. बाबांची जागा पुढच्या ओळीत धरून ठेवतो.

आई, तुझी जुनी सुती पातळं भांडेवालीला देऊ नकोस. गोधडीला चार-पाच थर लागतात आणि ते सुतीच हवेत. नायलॉन आत गेलं की थर सरकतात आणि मध्ये गोळा होतो. निळ्या काठाचं पातळ वर घेणार आहे. तो काठ मुठीत धरल्याशिवाय मला झोप यायची नाही, आठवतं?

आता नीट ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. दुपारी अकरा ते चार बँक नाही, बाजार नाही, कोणाचं लग्न असलं तरी नाही. आई, माठातलं पाणी तहान लागायची वाट न पाहता प्यायचं. गच्चीवर एकटीने पापड घालायचे नाहीत. दर रविवारी मी येणार, दूध-तूप घेऊन. आल्यावर गोळ्यांची पाकिटं मोजणार. रागवा हवं तर.

तुमचा,
बाळू

ता. क. : आजीचं जातं मागच्या खोलीत आहे ते मला हवंय. पाठवण्याआधी छिन्नीने टाकी लावून घ्या, दगड गुळगुळीत झाले असतील. टाकी लावल्यावर पहिली ओंजळ-दोन ओंजळ ज्वारी भरडून टाकून द्यायची, दगडाची कच तिच्यात निघून जाते. खुंटा सापडला नाही तर राहू द्या, इथला सुतार बाभळीचा करून देतो. पण वरचा दगड बाबांनी उचलायचा नाही, दोन माणसं बोलवा.