शाळेच्या फाटकापासून ५० मीटर

मा. संपादक,
स. न.

लठ्ठपणावर काही करा म्हटले की आपल्याकडे प्रभातफेरी निघते, टी-शर्ट वाटले जातात, एखाद्या उद्यानात ग्रीन जिम बसते. (कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून आपण नाशिककर तिथूनच मिसळीला जातो, तो भाग वेगळा.) मोठ्यांचे मोठे बघून घेतील. मुलांसाठी नियम आहे, तो तरी पाळा.

शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा हा नियम २०२० चा आहे. आमच्या भागातल्या एका शाळेपुढे मधल्या सुट्टीत मात्र चिप्सच्या पाकिटांच्या माळा, चायनीज भेळ, रंगीत सरबते, सगळे फाटकाला खेटून. घरची पोळी-भाजी डब्यात तशीच परत येते.

अधिकाऱ्यांना वाटते, आपला प्रश्न सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या कुपोषणाचा. लठ्ठपणा गंगापूर रोडच्या बंगल्यांतला. पण पाकीट पाच रुपयांना मिळते, ते सिडको-सातपूरच्या कामगाराचे पोरही घेते. देशात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.१ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ३.४ झाले. त्याच पाहणीत ३५ टक्क्यांहून अधिक मुले कुपोषणाने खुरटलेलीही आढळली. दोन्ही आजार एकाच वस्तीत, कधी एकाच घरात नांदतात.

तक्रार केली की टोलवाटोलवी सुरू. परवाना अन्न व औषध प्रशासनाचा, गाडी अतिक्रमण विभागाची, शाळा शिक्षण विभागाची. आणि कारवाई म्हणजे गाडी उचलून नेणे! त्याला माझा विरोध आहे. विक्रेत्याचेही पोट आहे. उकडलेले मके, शेंगदाणे, पेरू, काकडी विकणाऱ्याला फाटकाजवळ हक्काची जागा द्या, तळणाऱ्याला ५० मीटरपलीकडे. इतकी द्राक्षे पिकवणाऱ्या जिल्ह्यात ती हंगामातही शाळेपुढे दिसू नयेत?

तंबाखूबंदीचे शंभर यार्डांचे फलक शाळांवर लागलेच ना? मग जूनमध्ये शाळा उघडण्याआधी महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांनी आपापल्या शाळांपुढे ५० मीटरची रेषा आखावी आणि तिच्या आत काय चालेल, काय नाही, याचा फलक मराठीत लावावा.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक