मँडेटच्या टेबलावरच्या ताईंना

आदरणीय ताई,

म्युच्युअल फंडाची चर्चा कोणता फंड घ्यावा इथून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. वीस वर्षं चालवायची एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक हप्त्याने केलेली गुंतवणूक, मात्र बँकेच्या एका कागदावर अडते: मँडेट, म्हणजे तो हप्ता खात्यातून आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी. फंड कंपनीकडून आलेलं ते मँडेट तुम्ही बँकेत पडताळता, आणि अर्ज भरण्याआधी कोणी विचारायला आलं तर त्यालाही समोर बसवून घेता. त्यासाठी हे जाहीर आभार.

सर्वांत जास्त अर्ज सहीपायी परत जातात. खातं उघडताना केलेली सही मराठीत, आजची इंग्रजीत. तुम्ही आधी बँकेतला सहीचा नमुना बदलून घ्यायला लावता, मगच मँडेट भरायला सांगता. क्रम उलटा झाला की महिना वाया जातो. संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही' असेल तर एक सही चालते. व्यवहार दोघांच्या सहीने होत असेल तर दोघांचीही लागते. शिवाय १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या आणि अनेक शाखांचे आयएफएससी कोड बदलले. जुन्या पासबुकावरून कोड उतरवू नका, नवं चेकबुक आणा, हे तुम्ही न कंटाळता सांगता.

मँडेटवरची कमाल रक्कम पाहून लोक घाबरतात. तेवढे पैसे दरमहा जात नाहीत, जातो तो एसआयपीचा हप्ताच, हे तुम्ही समजावता म्हणून लोक तिथे ५,००० ऐवजी २५,००० लिहितात. ५,००० चा हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवला तर पंधरा वर्षांनी तो सुमारे २०,९०० होतो. मर्यादा ५,००० ची असेल तर पहिल्याच वाढीला नवं मँडेट, पुन्हा सही, पुन्हा वाट पाहणं. बहुतेकांची वाढ तिथेच राहून जाते.

एक हप्ता चुकल्याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब. दरमहा ५,००० रुपये, २० वर्षं, वार्षिक सुमारे १२ टक्के परतावा गृहीत धरला (याची हमी कोणी देत नाही), तर भरलेले १२ लाख जवळपास ५० लाख होतात. त्यातला पहिला एकटा हप्ता शेवटी सुमारे ५४,००० चा असतो. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते परत गेले की ती आपोआप रद्द होते, आणि कित्येकांना ते वर्षभराने कळतं. परत गेलेल्या हप्त्यावर बँकेचा आकार आणि वर जीएसटी, तो वेगळाच. म्हणून पगार १ तारखेला होत असेल तर हप्ता ५ किंवा ७ तारखेला ठेवा आणि आदल्या संध्याकाळीच शिल्लक तपासा, हा तुमचा सल्ला आम्ही आता प्रत्येकाला देतो.

बाजार पडला की तुमच्या टेबलापुढे मँडेट बंद करायला रांग लागते. तेव्हाचं तुमचं एक वाक्य आम्हाला फार मोलाचं वाटतं: "मँडेट रद्द केलंत तर त्यावरच्या सगळ्याच एसआयपी थांबतील." एखादी एसआयपी थांबवायची तर ती फंडाकडे थांबवावी, काही महिन्यांचीच अडचण असेल तर अनेक फंडांत तात्पुरती स्थगिती मिळते. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक ७,६१० वर बंद झाला होता. जानेवारीत तो १२,३०० च्या वर होता. त्या पडझडीत ज्यांचं मँडेट जिवंत राहिलं, त्यांना त्याच हप्त्यात फंडाची जास्त युनिट, म्हणजे जास्त हिस्से, मिळाली. गुंतवणुकीचा सल्ला देणं तुमचं काम नाही आणि तुम्ही तो देतही नाही. कागद रद्द केल्याचा परिणाम तेवढा सांगता, आणि माणूस घरी जाऊन शांतपणे विचार करतो.

काउंटरच्या काचेवर तुम्ही हाताने लिहून लावलेली चिठ्ठी, 'सही बँकेतलीच, कोड नवा, शिल्लक आदल्या दिवशी', तुमच्या परवानगीने आम्ही उतरवून घेतली आहे. आता ती आमच्या प्रत्येक अर्जाला टाचलेली असते.

आपले कृतज्ञ,
सांगलीतील काही म्युच्युअल फंड वितरक